अल्बिनो जोडीची सगळी पिल्लं साधी निघाली, त्यावर उत्तर

आपल्या गटातल्या देवगडच्या सदस्यांनी विचारलंय की लाल डोळ्यांचा नारिंगी नर आणि काळी-करडी मादी, असे दोन कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी, पाळीव साप) 'अल्बिनो जोडी' म्हणून घेतले, तर पिल्लं झाडून सगळी साधी तपकिरी कशी निघाली? विकणाऱ्याने गंडवलं का? गावात येणाऱ्या पिवळ्याजर्द धामणीपासून नवी लाइन सुरू करता येईल का? आणि वनखात्याच्या कार्यालयात पाळलेल्या परदेशी सापांच्या माहितीचा अर्ज घेत नाहीत, त्याचं काय करायचं? धामणीचं सोडलं तर बाकी सगळं मी भोगलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. टब, उंदीर, हीटिंग यांवर लिहीत नाही. अंड्यांपर्यंत पोचलात म्हणजे तेवढं तुम्हाला येतंच.

विकणाऱ्याने निदान यात तरी फसवलेलं नाही. नर अ‍ॅमेल आहे, म्हणजे त्याच्यात काळं रंगद्रव्य बनत नाही. मादी अ‍ॅनेरी, तिच्यात लाल नाही. अ‍ॅनेरीला पूर्वी 'ब्लॅक अल्बिनो' म्हणायचे, तेच लेबल अजून बाजारात फिरतं आणि माणसाला वाटतं दोघं एकाच जातकुळीचे. दोन्ही गुण अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच दिसणारे, आणि दोन वेगळ्या जनुकांवरचे. प्रत्येक पिल्लाला बापाकडून अ‍ॅमेलची एक प्रत मिळते, आईकडून अ‍ॅनेरीची एक, आणि दोन्ही ठिकाणी दुसरी प्रत चांगली असल्यामुळे दिसायला सगळी साधी. दोन अ‍ॅमेल एकत्र आणले असते तर पिल्लं अ‍ॅमेलच निघाली असती. यात गूढ काही नाही, बेक्टेल दांपत्याने कॉर्न स्नेकमधला अल्बिनोपणा असा पिढीजात उतरतो हे 1962 सालीच छापलंय. 2015 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी तर ओसीए2 जनुकात नेमकं कुठे बिनसलंय तेही दाखवलं.

तेव्हा ती 'फुकट गेलेली' पिल्लं कोणाला देऊन टाकू नका. ती सगळी दोन्ही गुणांची हेट आहेत, म्हणजे गुण दिसत नाही पण त्याची एक प्रत अंगात आहे, आणि तीही शंभर टक्के, अंदाजपंचे नव्हे. त्यांची आपसात वीण घेतली की हिशोबाने 16 मागे 9 साधी, 3 अ‍ॅमेल, 3 अ‍ॅनेरी आणि 1 स्नो, म्हणजे दोन्ही रंग गेलेलं पांढरट-गुलाबी पिल्लू. हा हिशोब सरासरीचा आहे. 15 अंडी उबली तरी एकही स्नो न निघण्याची शक्यता 38 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून पहिल्याच विणीत नशिबाला बोल लावू नका. मादी तीन वर्षांची आणि 300 ग्रॅमच्या वर गेल्याशिवाय जोडी लावू नये, अंडी पोटात अडकतात. भावंडांची वीण एखाद्या पिढीपुरती चालते असं माझं मत, त्यापुढे बाहेरचं रक्त आणा. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

या दुसऱ्या पिढीतली जी साधी दिसतील, त्यांना मात्र 'डबल हेट' म्हणून विकणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यातलं प्रत्येक अ‍ॅमेलसाठी 66 टक्के शक्यतेचं हेट, अ‍ॅनेरीसाठीही तेवढंच. दोन्ही असण्याची शक्यता 44 टक्के. सापाकडे बघून हे कळत नाही. कळतं ते वहीवरून, नाहीतर पुढच्या विणीतून, आणि पुढच्या विणीला तीन वर्षं लागतात. मादी जुन्या नराचं वीर्य बराच काळ साठवू शकते, त्यामुळे जोडी कधी लावली, कोणाबरोबर लावली, अंडी कधी घातली हे त्याच दिवशी लिहा. पिल्लांचे पोटाकडचे फोटोसुद्धा काढून ठेवा, पुढे मॉटली वगैरे नक्षीच्या भानगडीत पडलात तर पोटावर चौकटी आहेत की नाहीत हेच बघावं लागतं.

धामणीला हातसुद्धा लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तेव्हापासून धामण अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात. आणि धामणी पिवळ्या, तपकिरी, जवळजवळ काळ्या अशा सगळ्या रंगांत असतात, एखादी पिवळी दिसली म्हणजे तो रंग पिल्लांत उतरेलच असं नाही. कॉर्न स्नेकशी तिची वीणही होणार नाही, पोटजात वेगळी नव्हे, अख्खा वंशच वेगळा. (नाग-धामणीची जोडी बघितली म्हणून सांगणारे आमच्याकडेही गल्लोगल्ली आहेत. बहुतेक वेळा ती दोन नर धामणींची झुंज असते.)

आता कार्यालय. कुठलं ते लिहीत नाही, दक्षिण रायगडातल्यांना कळेल. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने आमचे पत्रे उडाले आणि त्याच महिन्यात केंद्राने परदेशी प्राण्यांची माहिती सहा महिन्यांत स्वेच्छेने द्या अशी सूचना काढली. ती सायटिसच्या (धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्राण्यांसाठी होती आणि कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. तरी हातात एक कागद असावा म्हणून फोटो आणि शास्त्रीय नावं लावून पत्र घेऊन गेलो. पहिल्या टेबलावर म्हणाले, साप असेल तर सर्पमित्राला फोन करा. दुसऱ्याने सांगितलं, हे नागपूरला. तिसरे साहेब भले होते, चहा दिला, "काही लागत नाही हो, घेऊन जा" म्हणाले. आवक शिक्का मारा म्हटलं तर "जे लागतच नाही त्याची आवक कशी करू?"

पुढच्या वर्षी कोणीतरी तक्रार केली (कोणी ते मला माहीत आहे, असो) आणि त्याच कार्यालयाची गाडी दारात. पत्र दाखवलं तर म्हणाले, यावर आमचा शिक्का कुठे आहे? साप पोत्यांत भरले. माझी दुसऱ्या पिढीची अंडी, ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं थांबलो होतो, ती डब्यातून काढून बादलीत ओतली. सापाचं अंडं घातल्यानंतर दिवसभरात गर्भ वरच्या बाजूला चिकटतो, मग ते फिरवायचं नसतं. मी ओरडून सांगत होतो. एकजण म्हणाला, कोंबडीची नाही का फिरवत? जाणकाराने बघून हे धामण नव्हे असं लिहून दिल्यावर साप परत मिळाले. अंडी त्याआधीच काळी पडली होती. दिलगिरी सोडाच, परत दिल्याच्या पावतीवर मात्र माझी सही तीन ठिकाणी घेतली.

म्हणून सांगतो, टेबलाटेबलावर फिरू नका. पत्र पोस्टाने पाठवा, पोचपावती घ्या, प्रत ई-मेलने वरच्या कार्यालयाला. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून 'माझ्या अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर काहीही असलं तरी तुमचं पत्र पोचल्याचं त्यात येतं. 2024 चे नोंदणीचे नियमही सायटिसमधल्या प्राण्यांसाठी आहेत, त्यामुळे कॉर्न स्नेक त्यात येत नाही असं माझं वाचन. मी वकील नाही, एखाद्या वकिलाला दाखवून घ्या. कोणी बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) देऊ केला तर मात्र तो त्या नियमांत येतो, परिवेश या केंद्राच्या पोर्टलवरची नोंद बघितल्याशिवाय घरात घेऊ नका.

जाता जाता अंड्यांचं. महागडा इनक्युबेटर आणू नका. मासळीवाल्यांचा थर्माकोलचा खोका धुऊन घ्या, आत झाकणाचा डबा, त्यात ओलं करून घट्ट पिळलेलं व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, रोपवाटिकेत वापरतात ते). पावसाळ्यात आपल्याकडे घरातच 27-28 अंश असतात, अंड्यांना तेवढं पुरतं, लाइट गेली तरी फरक पडत नाही. साठेक दिवसांत पिल्लं येतात. त्रास मे महिन्यातला, तेव्हा खोका माजघरात जमिनीलगत, बुटक्या स्टुलावर ठेवा, 32 च्या वर जाऊ देऊ नका. वरून पाणी शिंपडायचं नाही, बुरशी धरते. खोक्याखालच्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, लाल मुंग्या एका रात्रीत सगळं संपवतात. फ्रीजरमधले उंदीर लाइट जाऊन एकदा वितळले की पुन्हा गोठवून वापरू नका, सरळ पुरून टाका, आणि माडाच्या बुंध्यात पुरणार असाल तर खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.