फ्लोरेन्सच्या मंडईत जेवायचे असेल तर कुठे, केव्हा आणि काय खावे?

तुम्ही विचारले आहे की फ्लोरेन्सला दोन दिवस मुक्काम असताना तिथल्या जुन्या मंडईत दुपारचे जेवण घ्यावे की ते केवळ पर्यटकांसाठी मांडलेले प्रकरण आहे, आणि सोबतच्या शाकाहारी सासूबाईंची तिथे सोय होईल का. शिक्षणाच्या निमित्ताने मी त्या शहरात राहिलो आहे आणि दुपारचे जेवण बहुधा मंडईतच होत असे, त्यामुळे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: जरूर जेवा, परंतु तळमजल्यावर जेवा आणि दुपारीच जेवा.

सान लोरेंझोची मध्यवर्ती मंडई ही लोखंड आणि काचेची भव्य इमारत १८७४ साली सुरू झाली. मिलानमधील प्रसिद्ध व्हित्तोरियो इमान्युएले गॅलरी उभारणारा जुझेप्पे मेंगोनी हाच तिचा वास्तुविशारद. बाहेर चामड्याच्या पिशव्यांचे ठेले इतके दाटलेले असतात की प्रवेशद्वार शोधावे लागते. वरचा मजला २०१४ मध्ये नव्याने सजवून खाद्यदालन म्हणून उघडण्यात आला. तो रात्री उशिरापर्यंत चालू असतो, बसायला जागा भरपूर असते आणि पिझ्झापासून मासळीपर्यंत सारे एकाच छताखाली मिळते. लहान मुले सोबत असतील किंवा संध्याकाळी भूक लागली असेल तर तिथे जाण्यात काहीच वावगे नाही. मात्र मंडईत जेवण्याची खरी गंमत खाली आहे, कारण खाली आजही खाटीक, भाजीवाले आणि चीजवाले यांची दुकाने आहेत आणि त्यांच्याच गल्ल्यांतून वाट काढत आपण जेवायच्या टेबलापर्यंत पोहोचतो.

तळमजल्यावरचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे नेर्बोने; १८७२ हे आपले स्थापनावर्ष ते अभिमानाने सांगतात. इथली खासियत लाम्प्रेदोत्तो, म्हणजे गायीच्या जठराचा चौथा कप्पा टोमॅटो, कांदा आणि सेलरी घातलेल्या पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवून, बारीक कापून पावात भरलेला. पावाचा वरचा भाग क्षणभर त्याच रश्शात बुडवून देतात आणि वर पार्सलीची हिरवी चटणी किंवा तिखट तेल घालतात. आपल्याकडे ज्यांनी आवडीने वजडी खाल्ली आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही, फक्त मसाला नसल्यामुळे मांसाची मूळ चव इथे अधिक थेट जाणवते. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की हा पदार्थ आणि शेजारी मिळणारा उकडलेल्या मांसाचा पाव, दोन्ही गायीच्याच मांसाचे असतात. इथे आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर द्यायची. थेट काउंटरवर जाऊन उभे राहिल्यास मागचे लोक पुढे जातात आणि आपण ताटकळत राहतो. टेबले थोडी आणि सामाईक असतात, तेव्हा अनोळखी माणसाच्या शेजारी निःसंकोच बसावे.

निवांत बसून जेवायचे असेल तर मी तुम्हाला शहराच्या पूर्वेकडील सान्ताम्ब्रोजो मंडईकडे वळायला सांगेन. ती १८७३ची, मेंगोनीचीच, परंतु आकाराने लहान, आणि आसपासचे रहिवासी अजूनही तिथे रोजची भाजी घ्यायला येतात. आतमध्ये दा रोक्को नावाची साधी खाणावळ आहे. ती दुपारीच चालते आणि तिच्या दोन-चार टोस्कान, म्हणजे फ्लोरेन्सच्या टोस्काना प्रांतातल्या, पदार्थांत मला सान लोरेंझोच्या वरच्या मजल्यावरच्या साऱ्या झगमगाटापेक्षा जास्त समाधान मिळाले आहे. हिवाळ्यात गेलात तर रिबोलिता मागवा: काळपट पानांचा कोबी, पांढरे घेवडे आणि शिळा पाव यांचे दाट सूप, जे पुन्हा उकळल्यावरच खऱ्या अर्थाने जमते. टोस्कानातील पाव बिनमिठाचा असतो, त्यामुळे नुसता खाल्ला तर पहिल्या घासाला तो फिका लागतो, पण अशा सुपात शिळा पाव घालण्याची रीत इथे सर्वत्र दिसते आणि त्यातच त्याचे सार्थक होते. उन्हाळ्यात त्याऐवजी भिजवलेला पाव, टोमॅटो, काकडी, कांदा आणि बेसिलची (इटालियन तुळशीची) पाने घातलेली थंडगार पांझानेल्ला मिळते.

सासूबाईंसाठी पांझानेल्ला आणि टोमॅटो-पावाची पाप्पा अल पोमोदोरो हे दोन पदार्थ बहुधा निर्धोक ठरतात, तरी सुपाचे पाणी मांसाचे आहे का हे दरवेळी विचारून घ्यावे, कारण घेवड्यात किंवा रिबोलितात डुकराच्या मांसाचा तुकडा घालण्याची पद्धतही काही घरांत आणि खाणावळींत आहे. पालक आणि रिकोत्ता हे मऊ चीज भरलेली राव्हियोली (पास्त्याच्या छोट्या चौकोनी करंज्या) लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी पानांत परतून मिळाली तर उत्तमच. काटेकोर शाकाहार असेल तर पार्मेझान चीजही टाळावे लागेल, कारण त्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, वापरतात. हे बऱ्याच जणांना बिल आल्यानंतरही ठाऊक नसते.

बिलात माणशी एक-दोन युरोचे कोपेर्तो असेल तर ते फसवणूक समजू नये. पाव आणि टेबलाचा तो नेहमीचा आकार आहे, आणि त्यावर बक्षिसी द्यायची गरज नसते. बाराच्या सुमारास पोहोचा, कारण एकनंतर जागा मिळणे कठीण होते आणि दोनच्या पुढे भाजीवाले आपली दुकाने आवरू लागतात. रविवारी दोन्ही मंडया बंद असतात, सान लोरेंझोचा फक्त वरचा मजला उघडा असतो, त्यामुळे तुमच्या दोन दिवसांपैकी एक रविवार असेल तर मंडईतले जेवण रविवार सोडून उरलेल्या दिवशीच ठरवावे.