विज्ञानाच्या तासाला कविता घ्यायची असेल तर

मॅडम, पोरांना आधीच यमक जुळवायला नका लावू, यमकाच्या नादात विज्ञान बिघडते. आधी वस्तू समोर ठेवा. मी एप्रिलमध्ये वर्गात माठ ठेवला, सगळ्यांना ओला हात पंख्याखाली धरायला लावला अन् मग म्हटलं, आता चार ओळी लिहा. एका पोरीनं लिहिलं, 'माठ बाहेरचा गारवा पितो.' ओळ किती छान, पण नागपूरच्या 43 डिग्रीत बाहेर गारवा आहेच कुठे? चूक म्हटलं नाही, तिला एवढंच विचारलं. अख्खा पिरियड त्यातच गेला, पण पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते हे पोरांनीच शोधलं, अन् तिनं ओळ बदलली, 'माठ घाम गाळतो, ताप उडून जातो.' तेवढ्यात मागून एकजण, सर मग जुलैत कूलर काऊन चिपचिप करते? हवेत आधीच ओल असली तर पाणी उडून जाईल कुठे, याच्यावर दुसरी कविता झाली. मला तर हीच जास्त आवडली.

मार्क नका देऊ, पोरं घाबरतात. घरी आजीला वाचून दाखवायला सांगा, अन् आजी जिथे 'म्हणजे काय रे?' म्हणेल तीच ओळ दुसऱ्या दिवशी वर्गात घ्या.