बारावीनंतर मुलीला बायबल आणि घरशेतीच्या एक वर्षाच्या शिक्षणाला पाठवावे का?

ताई, आपण लिहिले आहे की मुलगी यंदा बारावी झाली, चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी तरुण मुलींसाठी असलेल्या एक वर्षाच्या निवासी ख्रिस्ती शिक्षणाचे पत्रक आणून दिले, त्यात सकाळी बायबल आणि प्रार्थना व दुपारी स्वयंपाक, परसबाग, गोठा, शिवण असा क्रम आहे, आणि पदवीचे एक वर्ष वाया जाईल अशी घरच्यांना भीती वाटते. मी असे वर्ष केलेले आहे आणि त्यात शिकलेल्या गोठ्याच्या कामावर माझे घर चालते, म्हणून स्पष्ट लिहिते. वर्ष वाया जाण्याची भीती यात सर्वांत किरकोळ आहे. पुढच्या वर्षी प्रवेश घेताना गॅपचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, सीईटी किंवा नीटच्या मार्गाने जायचे असेल तर त्या वर्षीची परीक्षा द्यावी लागते, आणि शिष्यवृत्तीचे नियम कॉलेजच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवावे लागतात. विचार करायचा तो याचा की हे शिक्षण मुलीला नेमके कशासाठी तयार करणार आहे, आणि पत्रकात ते कधीच लिहिलेले नसते.

माझ्या संस्थेचे नाव मी घेणार नाही. तिथे नीतिसूत्रांचा 31वा अध्याय आम्हांला जवळजवळ तोंडपाठ करून घेतला. सद्गुणी स्त्री रात्र असतानाच उठते, घरच्यांना अन्न देते, चातीला हात घालते, हे सगळे फळ्यावर लिहिले गेले. पण त्याच अध्यायाच्या सोळाव्या वचनात ती शेत पाहून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, आणि चोविसाव्यात ती तागाची वस्त्रे करून विकते, यावर शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्यही खर्च केले नाही. मी वर्गात विचारले तेव्हा ‘ते त्या काळचे आहे’ असे उत्तर मिळाले. पहाटेचे उठणे मात्र त्या काळचे नव्हते, ते आमच्यासाठीच होते.

गोठ्यातल्या शिक्षिका वेगळ्या होत्या. त्या अध्यात्म फारसे बोलत नसत, पण मला खरे शिक्षण त्यांच्याकडून मिळाले. अंगठा मुडपून सड ओढायची आमच्या घरातली जुनी सवय त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली; सड पूर्ण मुठीत धरायचा आणि वरून खाली एकेक बोट मिटत दाबायचा, ओढायचा नाही. कास धुऊन कोरडी पुसायची, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या भांड्यात घ्यायच्या आणि त्यांत गुठळी किंवा पाणचटपणा दिसला तर दगडीची (कासेच्या सुजेच्या रोगाची) सुरुवात समजून ते दूध वेगळे काढायचे. पान्हा आला की पाच-सात मिनिटांत धार उरकायची, आणि नंतर सडांची तोंडे मिटेपर्यंत जनावर खाली बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाकायची. शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते, त्यामुळे रेडकाला आधी पाजले की शेवटी पाजले यावर दूध संस्थेत लागणारी फॅट बदलते, हे त्यांनी आम्हांला कागदावर हिशेब मांडून दाखवले. म्हशीचा मुका माज, म्हणजे बाहेरून खुणा न दिसणारा माज, ओळखायला शिकवले, कारण तो हुकला की पुन्हा तीन आठवडे थांबावे लागते आणि तेवढे दिवस भाकड जनावराला खाऊ घालावे लागते. प्रार्थनेइतकीच वही नेमाने लिहायची, ही सवय मला त्या बाईंनी लावली.

पुढे करवीर तालुक्यातल्या एका गावात माझे लग्न झाले. सासर ख्रिस्ती, शेती थोडी, दावणीला पंढरपुरी म्हशी. दोन्ही वेळच्या धारा मी काढत असे, दूध संस्थेत दूध मी घालत असे, आणि दर दहा दिवसांनी निघणारे दुधाचे बिल थोरल्या भाऊजींच्या खात्यावर जमा होत असे. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून दर ठरतो. पूर्वी आमचे दूध त्याच्या खाली लागायचे, रेडकांना पाजायची पद्धत मी बदलल्यावर ते वर गेले आणि बिल वाढले. त्या वाढीतले काही पैसे माझ्या हाती यावेत असे मी म्हटले, तेव्हा भाऊजींनी भर पंगतीत विचारले की त्या वर्षभरात तुम्हांला नम्रता शिकवली नाही काय, आणि इफिसकरांस पत्रातले पत्नीने अधीन राहण्याचे वचन म्हणून दाखवले. ते वचन पतीविषयी आहे, दिराविषयी नाही, आणि त्याच्या आधीचे वचन सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे सांगते, एवढे मी तिथेच बोलले. माझ्या पतींनी तेव्हा तोंड उघडले नाही, हेही लिहून ठेवते.

नंतर उन्हाळ्यात मी कांदा-लसूण मसाला करून कोल्हापुरातल्या ओळखीच्या घरांत विकायला लागले. त्या पैशांतून म्हैस घेतली, तिच्या पावतीवर माझे नाव घातले आणि दूध संस्थेत स्वतः सभासद झाले. भाऊजींचे म्हणणे आजही असे आहे की त्या वर्षाने मला उद्धट केले. मला वाटते, बायबल वाचून मुलगी उद्धट झाली असे ज्याला वाटते, त्याने त्या बायबलचा आपल्या सोयीचा भागच वाचलेला असतो.

हे शिक्षण अमेरिकेतून आलेले फॅड आहे असे आपल्या नातेवाइकांनी म्हटल्याचे आपण लिहिले आहे. शाळा आणि कॉलेजच्या मधले असे वर्ष तिकडे चालते हे खरे आहे, आणि पाव भाजणे, कोंबड्या पाळणे, भाज्या बरण्यांत टिकवणे हे तिथल्या अनेक घरांतून गेले म्हणून तिकडच्या मुली ते शिकायला जातात. परंतु कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली आले तेव्हापासून शाळा आणि मिशन ही जोडी आपल्याला परकी राहिलेली नाही, आणि बायकांच्या हाताला काम देण्याचे उदाहरण तर आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातच आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावी आणले, तेव्हा त्यांच्याकडून केवळ भजने म्हणवून घेतली नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सगळी कामे त्या बायका करत होत्या, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळेही तिथल्या बायकांनीच जुळवले. केडगावला निराधार बाई स्वतःच्या पायांवर उभी राहावी हा हेतू होता. आजच्या काही पत्रकांत ‘आदर्श गृहिणी’ असा शब्द असतो. तो दिसला की मी सावध होते.

म्हणून संस्थेत जाऊन फी विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी: मुलींनी पिकवलेली भाजी, केलेली लोणची, काढलेले दूध विकले जाते का, आणि विकले जात असल्यास त्याचा हिशेब मुलींना दाखवतात का. हिशेब दाखवत नसतील तर ती फी देऊन केलेली बिनपगारी चाकरी आहे, आणि आपल्या गावाकडच्या मुलीला शेवया नि कुरडया शिकवण्यासाठी वर्षाची फी मोजणे तर सरळसरळ पैशांची नासाडी आहे. ते तिची आजी फुकट शिकवेल. कृत्रिम रेतन कधी करावे, बँकेत कर्जाचे प्रकरण कसे करावे, सातबारा कसा वाचावा हे शिकवत असतील तर अवश्य पाठवावे.

सातबारा निघालाच आहे तर आणखी एक सांगते. आपल्या ख्रिस्ती समाजाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मृत्युपत्र नसताना वडिलांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा असतो. विधवेला एक तृतीयांश जाऊन उरलेले मुलांमध्ये समान वाटले जाते. वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवले असेल तर गोष्ट वेगळी. शेतीचे शिक्षण द्यायचे आणि शेतातला वाटा मात्र भावाच्या नावावर सोडून दे म्हणायचे, हे मी आमच्याच मंडळीत पाहिले आहे, आणि सोडायला लावणारे उपासनेला पहिल्या बाकावर बसतात.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहिते. माझा अनुभव एका संस्थेचा आणि जुना आहे. आजच्या सगळ्या संस्था तशा असतील असे नाही. मुलीला नर्सिंग किंवा इंजिनीअरिंग करायचे असेल आणि तिची तयारी चालू असेल तर ती मोडून पाठवू नये. वसतिगृहात मुलीच राहतात का, रात्री जबाबदार बाई कोण असते, घरी फोन कधी करू देतात, हे तिथे जाऊन बघावे. पत्रकावर विसंबू नये. चौकशी करताना यंदाच्या मुलींशी बोलून उपयोग नाही, त्या तिथल्या शिक्षिकांच्या देखत बोलतात. तीन-चार वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या मुलींचे पत्ते मागून घ्यावेत आणि त्यांतल्या किती जणींच्या नावावर बँकेचे खाते आणि एखादा धंदा आहे ते विचारावे. पत्ते द्यायला संस्था टाळाटाळ करत असेल तर मुलीला पाठवू नये. आणि आपल्या प्रश्नात मुलीचे स्वतःचे मत कुठेच आलेले नाही, तेवढे तिला विचारून मग फॉर्म भरावा.