रिपोर्टातल्या ‘जायंट सेल्स’चं काय समजायचं?

प्रश्न : आईच्या बायोप्सीत ‘ट्यूमर जायंट सेल्स’ आल्यात. कुणी म्हणतं कॅन्सर यांच्यातूनच उगवतो, कुणी म्हणतं त्या मरायला टेकलेल्या पेशी. खरं काय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जायंट सेल म्हणजे नेहमीपेक्षा खूप मोठी पेशी; ती दिसली म्हणजे कॅन्सरच असं नाही. क्षयाच्या गाठीतही त्या असतात. तिथे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, एकमेकांत मिसळून त्या बनतात. हाडाच्या ‘जायंट सेल ट्यूमर’ची तर गंमतच आहे. नाव या मोठ्या पेशींचं, पण खरा दोष त्यांच्या अधेमधे असलेल्या साध्या, एकाच केंद्रकाच्या पेशींचा! तुमच्या रिपोर्टात ‘जायंट सेल्स’च्या आधी ‘ट्यूमर’ हा शब्द आहे, म्हणजे बहुधा कॅन्सरचीच पेशी फुगली आहे. गुणसूत्रांची प्रत निघते पण पेशी दुभंगत नाही; ४६ ची ९२ होतात, कधी त्याहून जास्त. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध पेशींचं विभाजन अडवतं, तेव्हा काही पेशी न मरता अशाच निसटतात.

वाद इथून पुढे. गुणसूत्रांचा बिघाड कॅन्सरच्या मुळाशी आहे, हे जर्मन जीवशास्त्रज्ञ बोव्हेरीने १९१४ मध्येच मांडलं. २००५ मध्ये पी-५३ हे गाठ रोखणारं जनुक नसलेल्या उंदरांच्या स्तनपेशी तपासल्या, तेव्हा गुणसूत्रांचे चार संच असलेल्यांनी गाठी केल्या, दोन संचवाल्यांनी नाही. संशोधक जिनसाँग लिऊ त्याही पुढे जातात : ही जायंट सेल कोवळ्या भ्रूणासारखी वागते आणि तिला लहान पेशींचे अंकुर फुटतात. पिएंटा आणि अमेंड हे संशोधक तिला कॅन्सरचा आसरा मानतात : औषधाच्या माऱ्यात विभाजन थांबवायचं, मारा ओसरला की पुन्हा सुरू. उलट बाजूही आहे. यकृताच्या निरोगी पेशींत जादा संच असतातच, आणि उंदरांत ते गाठींपासून वाचवतात, कारण गाठ रोखणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी बाकीच्या शिल्लक राहतात.

आमच्या मते आसऱ्याची बाजू सध्या भक्कम आहे. भ्रूणाची उपमा मोहक खरी, पण तिचा बराचसा पुरावा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा.

रिपोर्टात दिलेल्या जायंट सेल्सच्या संख्येवर मात्र फार विसंबू नका. स्लाइडवरचा काप साधारण ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पेशी त्याच्या कितीतरी पट रुंद. लाडवाचा पातळ काप घेतला तर बेदाणा कधी अर्धा येतो, कधी येतच नाही, तसंच. शिवाय रेडिएशननंतर निरोगी पेशींची केंद्रकंही फुगतात. आधी रेडिएशन किंवा केमो झाली असेल तर लॅबच्या फॉर्मवर तारखेसह लिहा. नमुना त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये (१० टक्के द्रावण) हवा; कमी पडलं तर आतला भाग कुजतो आणि केंद्रकं नीट वाचता येत नाहीत. दुसरं मत घ्यायला जाताना फक्त रिपोर्ट नको, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (नमुना ज्यात बसवलेला असतो ते) दोन्ही मागून घ्या. ब्लॉक असला की नवे काप काढता येतात.