एका इकोत भोक, दुसऱ्यात नाही, मग खरं काय?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी 5 वर्षांची आहे. तापासाठी दाखवायला नेली तर तपासताना म्हणाले मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येतोय, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. त्यात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला 4 मिमीचं भोक निघालं. घाबरून दुसरीकडे इको केला तर तिथे म्हणाले काहीच नाहीये. पोरगी तर दिवसभर उड्या मारते. कोणाचं खरं धरायचं?

उत्तर: ताई, असे उलटसुलट रिपोर्ट आले की आईबापाची झोपच उडते, मला कळतंय. पण असं का होतं ते बघा. तो पडदा मधोमध एका जागी मुळातच खूप पातळ असतो, आणि प्रोब, म्हणजे छातीवर टेकवतात ते यंत्र, हृदयाच्या टोकाकडून लावला की त्याच्या आवाजाच्या लहरी पडद्याला समांतर जातात, परत नीट येतच नाहीत, मग स्क्रीनवर तिथे काळी फट दिसते आणि भोक नसतानाही आहे असं वाटतं. म्हणून प्रोब बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात ठेवूनही बघावं लागतं, तिथून लहरी पडद्यावर आडव्या आदळतात, आणि कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावून डावीकडून उजवीकडे रक्त खरंच जातंय का ते बघायचं. पोर रडत असलं, हलत असलं की हे नीट जमत नाही. तिसरा इको लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडेच करा.

आता मर्मरचं. एएसडीचा, म्हणजे वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या भोकाचा, मर्मर भोकातून येतच नाही, फुप्फुसाकडच्या झडपेतून जास्तीचं रक्त जातं त्याचा तो आवाज. एवढ्याशा भोकाने सहसा तेवढं रक्त वाढत नाही, आणि या वयात निरोगी मुलांनाही मर्मर असतो, तापात तो जोरात ऐकू येतो, त्यामुळे तिचा मर्मर साधाच असू शकतो.

माझ्या मते भोकाच्या मिमीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हे जास्तीचं रक्त जिकडे जातं ती हृदयाची उजवी बाजू मोठी झालीये का, दोन्ही रिपोर्टमध्ये ते आधी शोधा, सोबत ईसीजीही काढा. उजवी बाजू नॉर्मल असेल तर भोक असलं तरी घाई नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा परत इको करायचा. पण उजवी बाजू मोठी आणि भोक मात्र दिसत नाही असं असेल तर 'काही नाही' यावर थांबू नका हं, काही भोकं वरच्या मोठ्या शिरेच्या तोंडाशी असतात, साध्या इकोत निसटतात, त्यासाठी अन्ननलिकेतून करायचा इको किंवा एमआरआय लागतो.

जाताना नुसते कागद नकोत, दोन्ही इकोचे व्हिडिओ मागून घ्या, आणि तोवर तिचं खेळणं बंद करू नका.