वॉल्डॉर्फ शाळेतील ऋतूंचे सण आणि पालकांचा वाटा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे वॉल्डॉर्फ शाळांतील, म्हणजे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या शाळांतील, सण आणि त्यांत पालकांना करावे लागणारे काम या एकाच विषयाची आहेत. त्यांपैकी तीन जर्मनीतून आणि एक पुण्याहून आले आहे. विषय समान असल्यामुळे चारही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, नोकरीनिमित्त स्टुटगार्टला राहतो. मुलीला येत्या सप्टेंबरपासून वॉल्डॉर्फ शाळेच्या पहिलीत प्रवेश मिळाला आहे. शाळा कोणत्याही पंथाची नाही असे आम्हांला सांगितले होते. परंतु वर्षाच्या वेळापत्रकात संत मिखाएल, संत मार्टिन, ॲडव्हेंट (ख्रिसमसआधीचे चार आठवडे), संत निकोलाउस, संत योहान असे सणच सण दिसतात. आमच्या घरी गणपती बसतात, नवरात्रात घट बसतो. मुलीची ओढाताण होईल का आणि आम्ही तेथे कायम परकेच राहू का? (एक आई, स्टुटगार्ट)

उत्तर : या सणांची मुळे ख्रिस्ती आहेत, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली वॉल्डॉर्फ शाळा तुमच्याच शहरात ७ सप्टेंबर १९१९ रोजी सुरू झाली. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेट कारखान्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांनी ती कामगारांच्या मुलांसाठी काढली आणि तिची शैक्षणिक धुरा रुडॉल्फ स्टायनर यांच्याकडे सोपवली. शाळेने स्वतःचे तत्त्वज्ञान मुलांना शिकवू नये आणि धर्मशिक्षण पालकांच्या निवडीप्रमाणे वेगळ्या तासांना व्हावे, असे तेव्हाच ठरले होते. त्या अर्थाने शाळा पंथाची नाही, हे तुम्हांला सांगितलेले खरे आहे. मात्र स्टायनर यांची अँथ्रोपॉसॉफी ही आध्यात्मिक विचारसरणी ख्रिस्ती प्रतिमांनी भरलेली आहे आणि मध्य युरोपातील खेड्यांचे पंचांगही तसेच होते, त्यामुळे शाळेचे वर्ष त्याच प्रतिमांमधून फिरते.

हे वर्ष मुलाच्या वाट्याला प्रत्यक्षात कसे येते, हे पाहिले की तुमची काळजी थोडी कमी होईल असे मला वाटते. सप्टेंबरच्या अखेरीस, २९ तारखेला, मिखाएलचा सण येतो. त्या दिवशी ड्रॅगनची कथा, धीटपणाचे खेळ आणि शेतातून आलेले धान्य, भोपळे, सफरचंदे यांची मांडणी असते. मग दिवस झपाट्याने लहान होऊ लागतात. ११ नोव्हेंबरच्या मार्टिनच्या सणाला मुले कंदील घेऊन अंधारात फिरतात. हे कंदील ती आधीच्या आठवड्यांत स्वतः करतात : जलरंगांत रंगवलेल्या कागदाला तेल चोपडले की तो पारदर्शक होतो, आणि आत ज्योत ठेवली की रंग उजळून निघतात. त्यांना सांगितली जाते ती थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा देणाऱ्या सैनिकाची गोष्ट. त्यानंतर ॲडव्हेंटच्या सुरुवातीला अंधाऱ्या दालनात हिरव्या फांद्यांची चक्राकार वाट मांडतात. एकेक मूल सफरचंदात रोवलेली मेणबत्ती हातात धरून एकटे त्या वाटेने मध्यापर्यंत जाते, तेथील ज्योतीवर आपली मेणबत्ती लावते आणि परत येताना ती वाटेच्या कडेला ठेवते. शेवटच्या मुलाची पाळी संपेपर्यंत सारी वाट उजळलेली असते. या वेळी प्रवचन होत नाही, मुलांकडून कोणतीही प्रतिज्ञा घेतली जात नाही. दिव्यांच्या अवसेला घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडलेले पाहणाऱ्या मुलीला यात परके वाटण्यासारखे फारसे काही नाही.

ख्रिसमसच्या नाटकांत मात्र ख्रिस्तजन्माची कथा थेट येते. ओबरउफर या ब्रातिस्लावाजवळच्या गावातील शेतकऱ्यांची ही जुनी नाटके स्टायनर यांचे गुरू कार्ल युलिउस श्रोअर यांनी एकोणिसाव्या शतकात संकलित केली होती, आणि अनेक शाळांत आजही शिक्षक स्वतः भूमिका करून ती मुलांना भेट म्हणून दाखवतात. रोज फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या आपल्या बाईंना मेंढपाळाच्या वेशात पाहण्याचा आनंद मुलांना कथेच्या धर्माहून किती तरी अधिक असतो. तरीही तुम्हांला संकोच वाटत असेल तर वर्गशिक्षकांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. हे शिक्षक शक्यतो सहा ते आठ वर्षे तोच वर्ग सांभाळतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी झालेले असे बोलणे पुढे फार उपयोगी पडते. गणपती कधी बसतात, नवरात्र कोणत्या दिवसांत येते, घरी काय खात नाहीत, हे त्यांना लिहून द्यावे.

परकेपणाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. स्टायनर यांच्या लेखनात आणि व्याख्यानांत वंशांविषयी काही विधाने अशी आहेत की ती आज वाचताना आपल्यासारख्यांना दुखावल्यावाचून राहत नाहीत. जर्मनीतील वॉल्डॉर्फ शाळांच्या महासंघाने २००७ मध्ये स्टुटगार्ट येथे एक निवेदन स्वीकारून वंशभेदाला आणि राष्ट्रवादी विचारांना आपल्या शाळांत थारा नसल्याचे जाहीर केले. हे निवेदन तुम्ही वाचावे आणि आपली शाळा त्यानुसार काय करते, असे पालकसभेत खुशाल विचारावे. चांगल्या शाळेला या प्रश्नाचा राग येत नाही. पाचवीत इतिहासाची सुरुवात प्राचीन भारतापासून होते आणि तेथे रामायण-महाभारतातील कथा सांगितल्या जातात, हेही लक्षात असू द्यावे. तो भारत बहुतेक वेळा ऋषींचा आणि धुक्यातला असतो. त्या आठवड्यांत वर्गात जाऊन गोदाकाठच्या आजच्या नाशिकबद्दल बोलण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये.

प्रश्न : आम्ही दोघेही पूर्ण वेळ नोकरी करतो. शाळेची फी भरूनही बाजारासाठी हस्तकला, शनिवारी बागकाम, वर्गाला रंग देणे, केक आणणे अशा कामांच्या याद्या सतत येतात. हे सक्तीचे आहे का? आणि आमच्याकडून दर वेळी समोशांचीच अपेक्षा का केली जाते? (एक वडील, म्युनिक)

उत्तर : सक्ती आहे की नाही, हे शाळेगणिक वेगळे असते. काही शाळा प्रवेशाच्या करारातच वर्षाचे ठरावीक तास लिहून घेतात, तर काही सर्वस्वी इच्छेवर सोडतात. तेव्हा प्रथम करार पाहावा. या अपेक्षेमागील कारणही समजून घ्यावे. जर्मनीतील बहुतेक वॉल्डॉर्फ शाळा पालक आणि शिक्षक यांच्या नोंदणीकृत संस्था चालवतात. सरकारी अनुदान मिळते, परंतु ते सारा खर्च भागवण्याइतके नसते. दुसरीकडे, पालकांच्या उत्पन्नावरून मुलांची निवड होऊ नये असे बंधन जर्मन संविधानाने खाजगी शाळांवर घातले आहे, त्यामुळे पुष्कळ शाळांत फी उत्पन्नानुसार ठरते आणि सर्वांकडून सारखी मोठी रक्कम घेता येत नाही. राहिलेली तूट देणग्यांनी आणि हातांनी भरून निघते. हिवाळ्याच्या तोंडावर भरणारा बाजार म्हणूनच महत्त्वाचा असतो : पालक कित्येक आठवडे संध्याकाळी जमून लोकरीच्या बाहुल्या, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, फांद्यांची तोरणे आणि कागदी तारे करतात, आणि त्यांच्या विक्रीतून शाळेला पैसा मिळतो.

पैसा हे मात्र त्यातले अर्धेच कारण आहे. पालकांची एकमेकांशी खरी ओळख बाजाराच्या दिवशी होत नाही. ती त्या आधीच्या संध्याकाळी होते, जेव्हा आठ-दहा माणसे एका टेबलाभोवती बसून हाताने काही तरी करत असतात आणि बोलणे आपोआप निघते. नव्या देशात भाषा अडखळत असताना तर अशी कामे मोठाच आधार देतात, कारण सुई-दोरा हातात असताना व्याकरण चुकले तरी कोणी मनावर घेत नाही. पालकसभेत वर्षभर मुके राहिलेले लोक तोरणे बांधताना बोलते झालेले मी पाहिले आहेत. माझा सल्ला असा, की साऱ्या याद्यांना होकार देऊ नये. वर्षातले एकच काम निवडावे, वर्गप्रतिनिधींना ते आधीच सांगावे आणि दर वर्षी तेच करावे. बाकीच्या वेळी नम्रपणे नाही म्हटलेले चालते.

समोशांविषयीची तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. भारतीय कुटुंब म्हटले की खाण्याचा गाळा, असे समीकरण होऊन बसते आणि लोक त्याच्या पलीकडे आपल्याला पाहीनासे होतात. तुम्हांला रांधण्याची हौस असेल तर चकल्या आणि शंकरपाळे अवश्य न्यावेत. शंकरपाळे अंड्याशिवाय होतात आणि टिकतातही. पण निदान एका वर्षी सुतारकामाच्या किंवा मंच उभारणाऱ्या गटात नाव द्यावे. आपल्या आईवडिलांनी शाळेच्या भिंतीला रंग दिला आहे, ही जाणीव मुलाला त्या भिंतीशी जोडते.

प्रश्न : ॲडव्हेंटच्या चक्राकार वाटेवर चालणाऱ्या नातवाचे छायाचित्र काढू दिले नाही. आम्ही त्यासाठी साताऱ्याहून आलो होतो. हा हट्ट कशासाठी? (एक आजोबा, सध्या हॅम्बुर्ग)

उत्तर : तुमची निराशा मला समजते. मात्र त्या दालनात मेणबत्तीशिवाय उजेड नसतो आणि पाच-सहा वर्षांचे मूल हातातील ज्योतीकडे लक्ष देऊन चालत असते. समोर मोबाइलचे पडदे चमकू लागले की त्याचे लक्ष ज्योतीवरून आपल्याकडे कोण पाहते आहे याकडे जाते. ‘मासिक सभा’ म्हटल्या जाणाऱ्या, पण वर्षातून काहीच वेळा होणाऱ्या सभेत मुले कविता, बासरी, परभाषेतील गाणी सादर करतात. त्या सभेच्या छायाचित्रांचे नियम शाळेत आधी विचारून घ्यावेत.

प्रश्न : आम्ही पुण्यातील काही पालक मिळून वॉल्डॉर्फ पद्धतीने बालवर्ग चालवतो. येत्या नोव्हेंबरमध्ये कंदिलांची फेरी आणि डिसेंबरमध्ये चक्राकार वाट करावी असा विचार आहे. ते योग्य होईल का? (एक पालकगट, पुणे)

उत्तर : तुमचा उत्साह मनापासून आवडला, तरीही युरोपचे पंचांग जसेच्या तसे उचलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंदिलांच्या फेरीला अर्थ येतो तो तेथील नोव्हेंबरमुळे : दुपारीच अंधारू लागते, झाडे उघडी पडतात आणि पुढचे काही महिने उजेड जपून वापरायचा असतो. पुण्यातील नोव्हेंबर स्वच्छ उन्हाचा आणि गुलाबी थंडीचा असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील शाळांना हाच पेच पडला होता, कारण तेथे २९ सप्टेंबरला वसंत ऋतू असतो आणि डिसेंबरात कडक उन्हाळा. तेथील अनेक शाळांनी कंदिलांचा सण आणि चक्राकार वाट जून महिन्यात, त्यांच्या ऐन हिवाळ्यात नेली. त्यांनी तारखांपेक्षा ऋतूला मान दिला, आणि तुम्हीही तसेच करावे.

तुमच्याकडे काय कमी आहे? जुलैमध्ये मावळात भाताची लावणी चालू असते. मुलांना पायांत चिखल घेऊन एक दिवस त्या खाचरात उभे करा आणि त्याच शेताकडे कापणीच्या वेळी परत न्या. जर्मनीतील शाळा तिसरीत मुलांकडून धान्य पेरून घेतात, पुढच्या उन्हाळ्यात कापून, झोडपून, दळून त्याची भाकरी करवतात. तुमची मुले लहान असली तरी एका मुठीचे तांदूळ सोलून त्यांचा भात शिजवणे त्यांना जमेल. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पोळा येतो. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात. तुम्ही मातीचे बैल करा आणि जवळच्या गोठ्यात जाऊन खऱ्या बैलांना पुरणपोळी भरवा. दिवाळीत आकाशकंदील आहेच. विकतचा न आणता कामट्या बांधून, पतंगाचा कागद खळीने चिकटवून तो केला तर मार्टिनच्या कंदिलाची सारी शिकवण त्यात येते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो भोंडला. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, पाऊस परतू लागला की मध्ये पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखायचे. शिक्षणशास्त्राने मुद्दाम रचावे ते सारे त्यात आधीच आहे : वर्तुळ, लय, पुन्हा पुन्हा येणारे शब्द, उत्सुकता आणि एकत्र खाणे. खिरापत दर दिवशी वेगळ्या घरातून यावी, म्हणजे सगळे पालक त्यात ओढले जातात. मुलग्यांनाही फेरात घ्यावे. गाणी मात्र पाहून निवडावीत, कारण अनेकांत सासुरवासाची गाऱ्हाणी आहेत आणि ती चार वर्षांच्या मुलांसाठी नाहीत.

दोन सूचना आणखी. वर्षाला चारपेक्षा अधिक सण धरू नयेत. प्रत्येकाची तयारी निदान तीन आठवडे आधी सुरू व्हावी, आणि दर वर्षी तीच गाणी, तीच गोष्ट, तोच पदार्थ ठेवावा. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुले मात्र त्याचीच वाट पाहतात. दुसरे असे, की तुमच्या गटात मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध किंवा कोणताही धर्म न मानणारी कुटुंबे असतील, तर वरच्या पत्रातील नाशिकच्या आईने स्टुटगार्टच्या शाळेला जे विचारले आहे तेच ती तुम्हांला विचारतील. भोंडल्याच्या हत्तीला हळदकुंकू वाहावे की फक्त फुले, याचे उत्तर सप्टेंबरात शोधू नये. जूनमध्ये वर्ग सुरू होतानाच सर्व पालकांना एकत्र बसवून चारही सणांचे स्वरूप ठरवावे आणि ज्यांच्या घरी ईद किंवा नाताळ होतो त्यांच्याकडून एक सण मागून घ्यावा.