क्रेनशिवाय लेथ मशीन कसे हलवावे?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधील आठ फुटी लेथ मशीन मागच्या शेडमध्ये न्यायचे आहे. त्याचे वजन सुमारे दीड टन आहे. बोळ अरुंद असल्यामुळे हायड्रा क्रेन आत येत नाही आणि मागच्या दारात पाच फुटांत सहा इंच खाली उतरणारा रॅम्प आहे. आमच्याकडे पहारी, चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलण्याची कप्पी) आणि लोखंडी पाइप आहेत. एवढ्यावर काम होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : होईल; मात्र चेन ब्लॉक बाजूला ठेवावा. शेडच्या पत्र्याचे वजन पेलण्यासाठी केलेल्या छताच्या कैचीला दीड टन टांगणे धोक्याचे आहे आणि आपल्या कामात मशीन टांगण्याची गरजही नाही. जेवढे कमी उचलाल, तेवढे सुरक्षित राहाल.

लेथचे वजन हेडस्टॉककडे, म्हणजे स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) असलेल्या टोकाकडे, अधिक असते, म्हणून कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक (जॉबला समोरून आधार देणारा भाग) दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट करावेत आणि चक (जॉब पकडणारा भाग) उतरवून ठेवावा. पाच फुटी पहारीच्या टोकापासून तीन इंचांवर टेकू दिला, तर २५ किलोच्या जोराने सुमारे ४७५ किलो उचलले जातात. त्यामुळे दोन बाजूंना दोन पहारी लावल्यास एक टोक सहज सुटते. पहार पायाखाली किंवा बेडखाली (मशीनच्या लांब ओतीव सांगाड्याखाली) लावावी, लीड स्क्रूखाली (बेडलगतच्या लांब आट्यांच्या दांड्याखाली) कधीही नाही. अर्धा इंच उचलले की लगेच लाकडी फळी सरकवावी, म्हणजे पहार निसटली तरी मशीन अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली येणार नाही. फळी सरकवताना बोटे खाली जाऊ देऊ नयेत.

लेथ उंच आणि पायाशी अरुंद असल्यामुळे ते आडवे होण्याची भीती मोठी असते. यासाठी पायांपेक्षा रुंद अशी जाड लाकडांची चौकट करून मशीन फाउंडेशनच्या भोकांतून तिला बोल्टने आवळावे. चौकटीखाली दीड इंची सी क्लास (जाड भिंतीचे) पाइप घालावेत आणि किमान तीन पाइप कायम भाराखाली राहतील असे पाहावे. पाइप चौकटीच्या दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर असावेत, म्हणजे वळण घेताना हात न घालता हातोडीने ठोकून ते तिरके करता येतात. कोबा सपाट असेल, तर दोन-तीन माणसांना हे वजन ढकलता येते. जमीन मातीची असल्यास जाड पत्रा अंथरावा.

खरी कसोटी रॅम्पवर आहे. तिथे मशीन स्वतःच खाली धावू पाहते आणि दहास एक या उतारावर ती ओढ सुमारे १५० किलोची असते. ढकलायला जमलेली माणसे ती हातांनी रोखू शकणार नाहीत. साधा चेन ब्लॉक उभ्या ओढीसाठी असतो, म्हणून टिरफोर किंवा पुल-लिफ्ट (दांड्याने चालणारे, आडवी ओढही पेलणारे साधन) भाड्याने आणून वरच्या बाजूच्या आरसीसी खांबाला बांधावा. दाराच्या चौकटीला किंवा विटांच्या भिंतीला बांधू नये. दोर मशीनच्या चौकटीला खालच्या अंगाने अडकवून ताणलेला ठेवावा आणि मगच पहिला पाइप उतारावर जाऊ द्यावा. कोणीही उताराच्या खाली किंवा ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये. पाचर हातात घेतलेला एक माणूस बाजूला ठेवावा आणि थांबण्याची हाक कोणीही दिली, तरी सर्वांनी थांबावे.

नव्या जागी बेड दोन्ही दिशांनी स्पिरिट लेव्हलने तपासावा आणि काही दिवस काम केल्यानंतर पुन्हा तपासावा. वीज जोडल्यावर चक बसवण्यापूर्वी स्पिंडल क्षणभर फिरवून पाहावे, कारण थ्री-फेजच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्यास ते उलटे फिरते आणि आट्यांवर बसवलेला चक चालू मशीनवर सुटू शकतो.